पोरीने नोकरी सोडली

आम्ही दोघे नवरा-बायको पुणतांब्याचे. एकाने रेल्वेत गँगमन म्हणून हातोडा धरला, दुसरीने परक्याच्या उसात खुरपणी करून घर धरले. थोरली मुलगी इंजिनिअर झाली, पुण्याला कंपनीत लागली. पगाराचा आकडा ऐकून आम्ही दोनदा विचारले, महिन्याचा की वर्षाचा?

गेल्या मे महिन्यात ती गाडीतून दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरली. म्हणाली, "आई, आप्पा, नोकरी सोडली. आता पूर्णवेळ लिहिणार."

त्या रात्री कोणी नीट जेवले नाही. धाकट्याच्या कॉलेजची फी, घराचा हप्ता, तिचे लग्न! बोलू नये तेही आम्ही बोललो. लोक काय म्हणतील, हेसुद्धा.

तिने वही काढली. वर्षभराचे हप्ते आणि स्वतःचा खर्च तिने बाजूला ठेवला होता. पुढच्या पानावर पुस्तकाचा हिशेब. किंमत २०० रुपये, लेखकाला १० टक्के, प्रती १०००. सगळ्या खपल्या तर २०,००० रुपये. तेही कधी मिळतील तेव्हा. हिशेब पाहून आमचा जीव आणखीच खाली गेला.

ती म्हणाली, बाबूराव बागुलांनी नाही का रेल्वेची नोकरी सोडली? ते आम्हाला ठाऊक होते. सुरतेला जात लपवल्याशिवाय खोली मिळेना, म्हणून ते मुंबईला परतले. १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' आले. पण आमच्यातल्या रेल्वेवाल्याकडेही उत्तर होते. दया पवार आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. रेल्वेच्या ऑडिट खात्यात नोकरी करूनच त्यांनी १९७८ साली 'बलुतं' दिले ना?

"त्यांना जमले, आप्पा. मला रात्री अकराला लॅपटॉप मिटल्यावर एक ओळ सुचत नाही."

आम्ही गप्प बसलो. रात्रपाळी करून आलेला माणूस काय वाचतो नि काय लिहितो, हे गँगमनच्या घरात कोणी सांगावे?

शेवटी एक वर्ष ठरले. धाकट्याची फी पेन्शनमधून. लग्नाचा विषय तूर्त बंद, म्हणजे आईने बंद ठेवायचा.

आता ती रोज आम्हालाच खोदून विचारते. १९७२च्या दुष्काळात आजी खडी फोडायला कुठे गेली, लेकरे कोण सांभाळायचे. काल तिने चार पाने वाचून दाखवली. घमेल्याला टोपली लिहिले होते. तेवढे आम्ही बदलायला लावले.

वर्षाचे पाच महिने अजून बाकी आहेत.