समोरची खुर्ची

बाबा पहिल्यांदा सिंगापूरला आले, फेब्रुवारी २०२४ मध्ये, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना पाया लेबार स्टेशन दाखवायला नेलं. आमच्या घरापासून चालत सात मिनिटं. वर पुलावरून ईस्ट-वेस्ट लाइन जाते, खाली जमिनीच्या पोटात सर्कल लाइन. पुण्याहून आलेल्या, आणि जन्मभर रेल्वेचं वेड असलेल्या माणसाला दाखवायला याहून चांगलं काय असणार?

बाबांनी सगळं नीट पाहिलं. दर दोन-तीन मिनिटांनी येणारी गाडी, जिन्यावर आपोआप डावीकडे उभी राहणारी माणसं. मग गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवीतून शांतपणे थर्मास काढला. मी घाईने त्यांचा हात धरला आणि समोरची पाटी दाखवली. खाण्या-पिण्यास मनाई, दंड ५०० डॉलर.

"पाणीसुद्धा नाही?"

"पाणीसुद्धा नाही."

बाबांनी थर्मास पिशवीत ठेवला. "मग ही गाडी नव्हे गं. ही आडवी जाणारी लिफ्ट आहे."

बाबांची गाडी म्हणजे डेक्कन क्वीन. सव्वीस वर्षं त्यांनी पुणे-मुंबई रोज ये-जा केली. फोर्टातल्या एका बँकेत नोकरी. सकाळी सव्वासातला पुणं सोडायचं, संध्याकाळी पाच-दहाच्या गाडीने परत. मी शाळेत असताना माझ्यासाठी बाबा म्हणजे रात्री नऊला येणारा माणूस. बदली मागायची नाही, मुंबईत घर परवडत नाही, म्हणून आयुष्यातले रोजचे सहा-साडेसहा तास रुळांवर. या गाडीत पासवाल्यांचे डबे असतात, तिथे त्यांची जागा ठरलेली. म्हणजे, जागा मिळाली तर. नाहीतर लोणावळ्यापर्यंत उभं.

पण पगार झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी ते डायनिंग कारमध्ये जायचे. ऑम्लेट, चीज टोस्ट आणि चहा. त्या दिवशी घरून डबा न्यायचे नाहीत, आणि आई त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. एवढ्या वर्षांत त्यांची चैन म्हणाल तर ही एवढीच.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी. सुरुवातीला डबे सातच, त्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडमध्ये बनलेल्या आणि वरचा सांगाडा माटुंग्याच्या कारखान्यात. तेव्हा तिसरा वर्गच नव्हता, तो आला १९५५ मध्ये. १९६६ मध्ये जुने डबे जाऊन पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले. दर १ जूनला पुण्याच्या फलाटावर प्रवासी तिचा वाढदिवस केक कापून साजरा करतात. आणि टेबल-खुर्चीवर बसून, वेटरला ऑर्डर देऊन खाता येईल असा डबा आज देशातल्या रोजच्या गाड्यांपैकी फक्त हिच्यात उरला आहे. बाकी सगळीकडे पँट्री कार. म्हणजे स्वयंपाकघर गाडीत, पण बसायला जागा नाही. जेवण फॉइलच्या डब्यातून तुमच्या सीटवर येतं आणि मांडीवर ठेवून खायचं.

आई २०२१ मध्ये गेली. त्या काळातली विमानं, विलगीकरण, परवानग्या हे सगळं आपल्यापैकी अनेकांनी भोगलंय, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. मी उशिरा पोचले. परत आले आणि मग आमचं सुरू झालं ते रोजचं फोनवरचं बोलणं. जेवलात का? गोळ्या घेतल्या का? बाई आल्या होत्या का? हो, हो, हो. तीन 'हो' आणि फोन बंद. पाच मिनिटांच्या वर आमचं संभाषण कधी गेलंच नाही.

जून २०२२ मध्ये बातमी वाचली की डेक्कन क्वीनचे जुने डबे काढून २२ तारखेपासून नवे एलएचबी डबे लावणार. मी लगेच बाबांना पाठवली. म्हटलं, चला, यावर तरी बोलतील. उत्तर आलं, "वाचलं."

खरं सांगते, मला वाटलं होतं की डायनिंग कार जाणार. मी इथे पाया लेबारमध्येच एका लॉजिस्टिक्स कंपनीत खर्चाचे हिशेब बघते. एका कंटेनरमधली किती जागा भरली आणि किती रिकामी गेली, हे काढणं हे माझं रोजचं काम. त्या नजरेने पाहिलं तर डायनिंग कारसारखा तोट्याचा डबा दुसरा नाही. जुन्या डब्यात खुर्च्या बत्तीस, आणि त्यातल्या एकीचंही तिकीट विकलं जात नाही, कारण तिथे बसणाऱ्याची सीट दुसऱ्या डब्यात असतेच. तेवढ्याच लांबीच्या साध्या डब्यात शंभराच्या आसपास माणसं बसतात. ज्या गाडीत पासवाले उभ्याने घाट उतरतात, तिथे बत्तीस रिकाम्या खुर्च्या ओढत न्यायच्या कशाला?

जगभर या डब्यांचं नेमकं हेच होतं. डबा म्हातारा होतो, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्तीचा खर्च वाढतो, आणि मग कोणीतरी माझ्यासारखी हिशेब मांडते. अमेरिकेत लॉस एंजेलिसहून सिॲटलला जाणाऱ्या कोस्ट स्टारलाइटला १९५६ सालचे लाउंज डबे होते. ते फेब्रुवारी २०१८ मध्ये काढले. त्यांच्या इतर लांबच्या गाड्यांना काचेच्या मोठ्या खिडक्यांचे लाउंज डबे आहेत, पण त्यातलेही जुने आता चाळिशी ओलांडलेले. नव्या गाड्या आल्यावर त्या डब्यांच्या जागी काय येणार, यावर तिथले रेल्वेप्रेमी हळवे होऊन भांडतात.

सिंगापूरचंच घ्या. मी इथे आले तेव्हा तांजोंग पागारचं जुनं स्टेशन चालू होतं. १९३२ सालची इमारत, दर्शनी भिंतीवर संगमरवरी पुतळे, आणि सिंगापूरच्या पोटात असूनही स्टेशन मलेशियाच्या रेल्वेचं. तिथून एकदा मी रात्रीच्या गाडीने क्वालालंपूरला गेले होते. गाडीला खानपानाचा डबा होता. डगमगणारं टेबल, कागदात बांधलेला नासी लेमाक, आणि समोर एक मलय आजी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला मलय येत नव्हतं. तरी त्यांना किती नातवंडं आहेत हे मला उतरेपर्यंत कळलं होतं. ३० जून २०११ रोजी त्या स्टेशनातून शेवटची गाडी सुटली. आता आमच्या सर्कल लाइनचं कॅन्टोन्मेंट स्थानक त्याच जुन्या स्टेशनाला जोडून बांधलं आहे. पाया लेबारहून थेट तिथे जाता येणार. अर्थात पाणी न पिता.

तर २०२२ च्या डिसेंबरमध्ये मी पुण्याला गेले. आत्या दादरला असते, तिला भेटायला जायचं होतं. बाबा म्हणाले, "क्वीननेच जाऊ." गाडी शिवाजीनगर सोडून पुढे निघाली तसे ते उठले आणि डायनिंग कारकडे चालायला लागले. मी मागोमाग.

डबा होता. नवा, पण होता. बत्तीसच्या जागी चाळीस खुर्च्या. बाबांनी आधी टेबलावर बोटांनी टकटक केलं, मग खिडकीच्या काचेवरून हात फिरवला. "जुन्याची मजा नाही," असं म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, "बस. ऑम्लेट सांग."

चौघांच्या टेबलावर आम्ही दोघं. समोर एक पंचवीस-सव्विशीचा मुलगा येऊन बसला. इन केलेला शर्ट, हातात फाइल, चेहऱ्यावर ताण. त्याने सॉसची बाटली मागितली. बाबांनी दिली आणि विचारलं, "मुलाखत का?" तो दचकला, मग हसला. फोर्टात मुलाखत होती.

पुढचा अर्धा तास बाबा बोलत होते. व्हीटीला कुठल्या बाजूने बाहेर पडायचं, टॅक्सी का करायची नाही, फोर्टात चांगला चहा कुठे मिळतो, १९८४ मध्ये ते स्वतः मुलाखतीला गेले तेव्हा बुटाचा तळ कसा सुटला होता. खंडाळा गेला, बोगदे सुरू झाले. हा चढ सदतिसास एक आहे, परत येताना कर्जतला मागून इंजिनं लावून गाडी ढकलावी लागते, हे त्यांनी त्याला टेबलावर चमचा तिरका धरून दाखवलं. दीड वर्षात मी त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं ऐकली नव्हती. बुटाची गोष्ट तर मला माहीतच नव्हती.

मी चीज टोस्ट खात होते आणि गुपचूप रडत होते. बाबांच्या ते लक्षात आलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

नंतर मी त्यावर खूप विचार केला. मी बाबांना रोज विचारत होते ते सगळं आजाऱ्याला विचारायचं. त्या मुलाने त्यांना जाणकाराला विचारायचं ते विचारलं. आणि तो विचारू शकला, कारण तिथे समोरासमोर दोन खुर्च्या होत्या, मध्ये एक टेबल होतं, आणि निघून जायची घाई कुणालाच नव्हती. याच गाडीला ऑगस्ट २०२१ पासून व्हिस्टाडोम डबाही लागतो. काचेचं छत, गोल फिरणाऱ्या चव्वेचाळीस खुर्च्या. सुंदर आहे, घाट बघावा तर तिथूनच. पण तिथली प्रत्येक खुर्ची विकलेली असते आणि प्रत्येक माणूस बाहेर बघत असतो. डायनिंग कारमध्ये माणूस समोर बघतो.

फेब्रुवारीतल्या त्या मुक्कामात बाबांना 'परदेशी गाडीत' बसायचं होतं. म्हणून वुडलँड्सहून जोहोर बारूला जाणारी शटल घेतली. प्रवास पाच मिनिटांचा, त्याआधी दोन देशांच्या इमिग्रेशनची रांग मात्र भरपूर. याच वुडलँड्सहून त्या महिन्यात ईस्टर्न अँड ओरिएंटल एक्सप्रेस पुन्हा सुरू होत होती. पियानोचा डबा, मागे उघडा सज्जा, लाकडी नक्षी. तिकीट हजारो डॉलर. मी बाबांना सांगितलं की ते डबे मुळात १९७१ मध्ये जपानमध्ये न्यूझीलंडच्या सिल्व्हर स्टार गाडीसाठी बांधलेले. ती गाडी १९७९ मध्ये बंद पडली, मग ते इकडे आणून सजवले.

"म्हणजे सेकंडहँडच की!" बाबा खूश झाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण चांगलं झालं. भंगारात तरी नाही गेले."

मी माझा जुना हिशेब त्यांच्यापुढे मांडला. म्हटलं, बाबा, तुम्ही स्वतः कित्येक वर्षं उभ्याने गेलात. त्या बत्तीस खुर्च्यांच्या जागी शंभर असत्या तर तुम्हाला रोज बसायला मिळालं असतं. राग नाही यायचा?

"यायचा ना. पाय दुखायचे तेव्हा फार यायचा." बाबा म्हणाले. "पण महिन्यातून एकदा मी तिथे जाऊन बसायचो, तेव्हा समोर कधी मिलचा मॅनेजर असायचा, कधी कॉलेजचा पोरगा. माझ्यासारखा कारकून आणि तो, दोघं एकाच ताटलीतला टोस्ट उचलायचो. तुझी ती पियानोवाली गाडी आहे ना, तिथे समोर कोण बसणार? पुन्हा पैसेवालाच."

म्हाताऱ्या डब्यांचं काय करायचं, याचं मला आजवर मिळालेलं सगळ्यात नेमकं उत्तर हेच आहे. सुटे भाग मिळेनात, तर डबा जाऊ द्यावा. लाकूड, गालिचा, जुने दिवे गेले तर थोडं वाईट वाटेल, मग सवय होईल. टेबल मात्र ठेवावं, आणि त्यावरचा चहा कारकुनाला परवडेल असा ठेवावा. मध्य रेल्वेने २०२२ मध्ये डबा बदलला आणि आठ खुर्च्या वाढवल्या. माझ्या हिशेबात हे बसत नाही, आणि मी मुद्दाम बसवणारही नाही.

त्या वेळी बाबांना मी कायमचं इथे राहायला बोलावणार होते. खोली तयार होती. तीन आठवडे ते राहिले. रोज सकाळी एकटेच खालच्या कॉफीच्या दुकानात जायचे. काया टोस्ट त्यांना लगेच आवडला. हैनानहून आलेले स्वयंपाकी इंग्रजांकडे काम करताना टोस्ट शिकले असं इथे सांगतात, हे कळल्यावर तर फारच. "अगं, ही आपल्या चीज टोस्टची चुलत बहीण!" तिथे गर्दीत अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायची पद्धत आहे, तीही त्यांनी उचलली. पण समोरचे काका होक्कियन बोलायचे. दोघं एकमेकांना पाहून हसायचे, टोस्ट खायचे, आणि घरी यायचे.

जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "इथे सगळं आहे. पण मला कोणी काही विचारत नाही."

मी आग्रह केला नाही. आता ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी क्वीनने दादरला जातात, दोन दिवस आत्याकडे राहतात आणि परत येतात. वय अठ्ठ्याहत्तर. हलत्या गाडीत डब्यातून डब्यात चालत जाणं मला पटत नाही, आणि मी तसं दर महिन्याला सांगते. सोमवारी माझी सकाळ साडेअकराच्या सुमाराला थांबते, कारण तेव्हा तिकडे नऊ वाजलेले असतात, घाट उतरून झालेला असतो, आणि फोन येतो.

मी आता जेवलात का असं विचारत नाही. मी विचारते, "आज समोर कोण होतं?"

मग पाया लेबारच्या फलाटावर तीन गाड्या सोडून देते.