गोष्ट मध्येच थांबवणारं माणूस

शाळेच्या बस पुण्यालगतच्या मारुंजीतल्या सोसायट्यांच्या फाटकाशी थांबतात तेव्हा दप्तर घ्यायला पुढे होणाऱ्यांत आजी-आजोबा बरेच असतात. कुणी कराडकडचं, कुणी लातूरचं, कुणी जळगावचं. गावचं घर कुलूप लावून किंवा भावाच्या भरवशावर सोडून आलेलं. मुलगा-सून हिंजवडीच्या आयटी पार्कात, आणि संध्याकाळी घरी आले तरी परदेशातल्या लोकांशी बोलणी सुरूच. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ नातवंडांचा आणि आमचा. मीही त्या आज्यांपैकीच एक. या वेळात मुलांना पुस्तक द्यावं की सिनेमा लावून द्यावा, यावर आमच्या बाकांवर पुष्कळ वाद झडतात. माझ्या मते हा वादच चुकीच्या जागी चालला आहे. पुस्तक असो की सिनेमा, मुलाच्या पदरात काय पडतं ते शेजारी बसलेल्या माणसावर ठरतं. गोष्ट मध्येच थांबवून ‘असं का केलं असेल गं तिनं?’ एवढं विचारायची सवड ज्याच्यापाशी आहे, असं माणूस आज घरात बहुधा आजी किंवा आजोबाच असतात.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ते 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, 1935मध्ये ते छापून आलं. त्याची बांधणी पाहिली की माझं म्हणणं पटावं. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, सोबती मध्ये बोलतात, उद्याची वाट पाहतात. म्हणजे हे पुस्तक मुळातच चार माणसांत बसून सांगायचं आहे. ते मुलाच्या हातात देऊन ‘वाच, चांगलं आहे’ म्हटलं की पोर दहाव्या पानावर अडकतं, आणि आपण आजच्या पिढीला दोष देऊन मोकळे होतो. त्यातला पोहण्याचा प्रसंग पाहा. श्याम विहिरीवर जायला घाबरून लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीनं मारत पोहायला धाडते. आजच्या सात वर्षांच्या मुलाला तिथे पहिला धक्का बसतो तो माराचा. एवढी प्रेमळ आई मारते कशी? हा प्रश्न टाळून पुढे वाचलं तर मुलाला एक क्रूर बाई दिसते, नाहीतर मार खाणं चांगलं असतं असं तरी वाटतं. थांबलं तर बोलता येतं: मुलाला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून तिचा जीव तुटत होता, तरीही मारणं बरोबर होतं का, दुसरं काही करता आलं असतं का? माझ्या पिढीनं असा मार खाल्लेला आहे. त्याबद्दल खरं काय वाटत होतं ते आम्हीच सांगू शकतो, आणि सांगायला हवं. अत्र्यांनी 1953मध्ये या पुस्तकावर सिनेमा केला, त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. तो कृष्णधवल आणि संथ सिनेमा आजची मुलं एकटी बसून पाहणार नाहीत. कुणी सोबत असेल तर तुकड्या-तुकड्यांनी पाहतात, कारण मधल्या बोलण्यात त्यांचाही वाटा असतो.

फास्टर फेणेचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा. 2017च्या सिनेमात तोच बनेश मोठा होऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो, आणि दिलीप प्रभावळकर खुद्द भागवतांच्या भूमिकेत भेटतात. पुस्तकातला मुलगा आणि पडद्यावरचा तरुण एकच कसा, हे मुलाला पडणारं कोडं मोलाचं आहे. एकच माणूस दोन जणांनी दोन तऱ्हांनी सांगितला, हे ज्या मुलाला उमगलं त्याला वाचनातली एक मोठी गोष्ट कळली. सिनेमा पाहिल्यावर पुस्तकाची गोडी जाते म्हणतात, ते म्हणूनच मला मान्य नाही. तुलना करायला कुणी सोबत असेल तर उलटच घडतं. (सिनेमात खून आणि गुन्हेगारी आहे, तेव्हा दहाच्या आतल्या मुलांना पुस्तकच बरं.)

पडदा मुळातच वाईट, हा आक्षेप मी हलका मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019मध्ये सांगितलं की वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा जास्त नको. ही मर्यादा पाळावीच. जेवताना मोबाइल समोर ठेवून घास भरवणं हे तर आम्ही आज्यांनीच आधी सोडायला हवं. पण आपोआप एकामागून एक सुरू होणाऱ्या चित्रफिती आणि बसून पाहिलेला सिनेमा यांना एकाच मापानं मोजू नये. चित्रफितीत थांबायला जागाच नसते. सिनेमात ती असते. ‘श्वास’ या सिनेमातले आजोबा आठवतात का? नातवाचे डोळे शस्त्रक्रियेत जाणार हे कळल्यावर ते त्याला इस्पितळातून बाहेर नेतात आणि दिसतंय तोवर जग दाखवतात. बारा-तेरा वर्षांच्या नातवंडासोबत तो पाहावा आणि नंतर त्याला बोलू द्यावं.

दुसरा आक्षेप भाषेचा. मुलं इंग्रजी शाळेत, शेजारी तेलुगू, हिंदी, बंगाली. मराठी पुस्तक त्यांना जड जातं. जातंच. 2020च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण तासाला शिकलेली भाषा आणि भांडताना, हट्ट करताना वापरलेली भाषा यांत अंतर राहतं. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट चारदा ऐकलेलं मूल पाचव्यांदा आजीला चुका दाखवतं, तेव्हा ते मराठीत वाद घालत असतं. तेलुगू आजी हेच तेलुगूत करते, आणि तेही तितकंच खरं.

तिसरा आक्षेप मला सर्वात जवळचा वाटतो: म्हातारपणी हे ओझं कशाला? गुडघे दुखत असतात, गावच्या मैत्रिणी दूर राहिलेल्या असतात, आणि घरच्यांना आम्ही बिनपगारी सांभाळणाऱ्या वाटू लागतो. हे बदललंच पाहिजे. सांभाळण्याचे तास मुलगा-सुनेनं आमच्याशी बोलून ठरवावेत, आणि आठवड्यात आमची अशी एक पूर्ण मोकळी दुपार असावी. थकलेलं माणूस गोष्ट थांबवत नाही, ते मोबाइल हातात देतं. म्हणून आमची विश्रांती हा नातवंडांच्या वाचनाचाही प्रश्न आहे.

पुस्तकांसाठी दर वेळी पुण्यातला अप्पा बळवंत चौक गाठणं इथून सोपं नाही. मारुंजीतल्या सोसायट्यांच्या समित्यांना माझी विनंती आहे: क्लबहाउसमध्ये बालपुस्तकांचं एक कपाट ठेवा. माधुरी पुरंदरे, भा. रा. भागवत, विंदांच्या बालकविता यांनी सुरुवात करा. 1971पासून निघणाऱ्या बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, त्यांतल्या गोष्टींची छापील पानं काढून ठेवा. कपाटाची किल्ली आम्हा आजी-आजोबांकडे द्या. दुपारी चार ते सहा ते उघडं ठेवायची जबाबदारी आम्ही घेऊ.