जागेची अडचण

घरांतील एखादी वस्तु जुनी झाली म्हणजे तिच्याविषयीं बोलतांना माणसाची जीभ फार सैल सुटते. नवी असतांना जिला हात लावण्यापूर्वीं आपण हात पुसून घेत होतों, तिलाच पुढें 'खटारा', 'डबडें' अशीं नांवें आपण ठेवूं लागतों. आणि तीं ऐकावयास घरांत आणखी कोण बसलें आहे याचें भान आपणांस राहत नाहीं. २०२५ सालच्या दिवाळींत आमच्याकडून असाच एक प्रमाद घडला. एका जुन्या संगणकाची स्मृति वाढविण्याच्या खटपटींत त्याचें थोडेंबहुत परिमार्जन कसें झालें, तें आज वाचकांस सांगावें असें मनांत आहे.

जुन्या जालन्यांत, कुंडलिकेच्या काठापासून फार दूर नाहीं अशा आमच्या घरांत, तिघां भावांचा संसार एका चुलीवर चालतो. २०१२ सालीं धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांस अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठीं म्हणून एक संगणक घेण्यांत आला. चिरंजीव शिकून पुण्यास गेले, त्यांच्या हातीं लॅपटॉप आला, आणि हा संगणक माजघराच्या कोपऱ्यांत, धाकट्या भावजयीनें विणलेल्या झांकणाखालीं विसावला. तेथून त्याला उठविलें तें आमच्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे आप्पांनीं.

आप्पा जन्मभर शाळेंत मराठी शिकवीत होते. मोडी लिपि त्यांस वडिलांनीं लहानपणींच शिकविली. परंतु पुढें पन्नास वर्षें त्या विद्येस कोणी गिऱ्हाईक भेटलें नाहीं. आमचा हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत होता. त्यामुळें इकडील जुन्या घरांतील दफ्तरें कांहीं मोडींत, तर कांहीं उर्दूंत. २०२३ सालीं अंबड तालुक्यांतील आंतरवाली सराटी येथें मराठा आरक्षणासाठीं उपोषण झालें, आणि निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठीं सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली. तेव्हां मात्र मोडी जाणणाऱ्यांस एकाएकीं मान आला. ट्रंकेच्या तळाशीं पडलेले कागद फडक्यांत बांधून लोक आप्पांकडे येऊं लागले. आप्पा प्रत्येकास बजावीत, "दाखल्याचें काम कचेरीचें. त्यांत काय लिहिलें आहे, एवढेंच मी वाचून दाखवितों."

आप्पांची दृष्टि आतां अधू झाली आहे. म्हणून त्यांच्या नातीनें एक स्कॅनर आणून दिला. कागदाचें चित्र संगणकांत घ्यावयाचें, पडद्यावर तें चौपट मोठें करावयाचें, आणि एकेक अक्षर लावीत शेजारच्या वहींत बाळबोध उतरून काढावयाचें, असा त्यांचा क्रम सुरू झाला. सकाळचे दोन तास त्यांत कसे जात तें त्यांस कळत नसे. पुढें पुढें मात्र संगणक अडूं लागला. पहिलें पान उघडे; दुसरें उघडतांना पडदा गोठून जाई; तिसऱ्या पानाला पेटीवरील तांबडा दिवा अखंड पेटलेला राही आणि आंतून कुरकुर ऐकूं येई. आप्पा हातांतील पेन्सिल खालीं ठेवून स्वस्थ बसून राहत.

अशांत दिवाळी आली. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला सुद्धां कंपनीचा आधार राहिला नाहीं, ही बातमी ताजी होती. आमचा संगणक तर त्याच्याहि आधींच्या विंडोज ७ वर चालणारा, ज्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजींच सुटला होता. फराळाच्या वेळीं सर्व मंडळी जमलीं असतां हा विषय निघाला, आणि आम्ही मोठ्या आवाजांत बोलून गेलों, "म्हातारा झाला आहे तो. आतां त्याच्याकडून कांहीं व्हावयाचें नाहीं. उगाच जागा मात्र अडवून बसला आहे."

मंडळी हांसलीं. आप्पा हांसले नाहींत. त्यांनीं हातांतला लाडू संपविला, ताट सरकविलें आणि ते उठले. दुसऱ्या दिवशीं संगणकावरील झांकण निघालें नाहीं. तिसऱ्याहि दिवशीं नाहीं. चवथ्या दिवशीं घनसावंगीकडील एक शेतकरी कागदांचें पुडकें घेऊन आला. आप्पांनीं तें न सोडतां परत दिलें. "गुरुजी, कां बरें?" असें त्यानें विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "आतां माझ्याच्यानें होत नाहीं." हें आम्हीं ओसरीवर बसून ऐकलें. दिवाळींतील वाक्य कोणाला जाऊन लागलें होतें, तें तेव्हां कुठें आमच्या ध्यानीं आलें.

क्षमा मागावयाची, तर काय म्हणून मागावयाची? बोललों होतों तें यंत्राविषयीं! अशा पेंचांत असतां आप्पांची ती नात आमच्या मदतीस आली. ती तंत्रनिकेतनांत शिकते. ती म्हणाली, "आजोबा, याला नांवें ठेवण्याआधीं तुम्हीं एकदां तरी तपासून पाहिलें कां?" तिनें तीन पानें उघडून यंत्राचा हिशेब आम्हांस पडद्यावर दाखविला. संगणकाचा मेंदू, ज्याला प्रोसेसर म्हणतात, तो जवळजवळ रिकामा बसला होता. आणि रॅम, म्हणजे तात्कालिक स्मृति, ती मात्र कांठोकांठ भरली होती. "हा थकलेला नाहीं," ती म्हणाली, "याला काम मांडावयास जागा नाहीं."

आमच्यासारख्यांस समजेल असें तिनें तें सांगितलें. संगणकांत माल ठेवण्याचीं ठिकाणें दोन. एक तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क. ती कोठीची खोली. दुसरें रॅम, तो माजघरांतील पंगतीचा पाट. कोठींत कितीहि धान्य असो, एका वेळीं जेवावयास बसतील तीं पाटावर मावतील तितकींच माणसें. पंगत भरली असतां आणखी पाहुणा आला, तर बसलेल्यांपैकीं एकाचें पान उचलून कोठींत नेऊन ठेवावें लागतें, आणि त्याची पाळी आली कीं पुन्हां बाहेर आणावें लागतें. रॅममधील गोष्ट हातीं येण्यास सेकंदाचा साधारण कोटीवा भाग पुरतो. फिरत्या तबकडीवरील गोष्टीस शंभरावा भाग लागतो, म्हणजे लाखपट वेळ. ती कुरकुर कोठीच्या या येरझाऱ्यांची होती.

"पण पानें तर लहान आहेत!" आम्हीं म्हटलें. त्यावर तिनें हिशेब मांडला. ए-४ आकाराचा कागद इंचास ६०० ठिपके या मापानें टिपला, तर उभे-आडवे मिळून सुमारें ३ कोटी ४८ लक्ष ठिपके होतात. प्रत्येकाच्या रंगास ३ बाइट, म्हणजे एका पानास १०० मेगाबाइटांहून अधिक जागा. कोठींत तें दाबून बसविलेलें असल्यामुळें थोडक्यांत मावतें. जाजमाचेंहि तसेंच आहे. गुंडाळलें असतां कोपऱ्यांत राहतें, बसावयाचें म्हणजे पुरतें उलगडावें लागतें. आमच्या यंत्रांत सारी जागा २ गिगाबाइट, आणि त्यांतील निम्मी विंडोजच्या स्वतःच्याच संसारांत गुंतलेली!

रॅमच्या पट्ट्या आणावयाचें काम आम्हीं हौसेनें अंगावर घेतलें आणि पहिल्याच खेपेस फसलों. दुकानांत 'जुन्या संगणकाची रॅम' एवढेंच सांगितलें, तेव्हां डीडीआर-२ जातीची पट्टी मिळाली. आम्हांस हवी होती डीडीआर-३. दोहोंसहि टोंकें २४०च. परंतु मधली खांच वेगळ्या जागीं असते, म्हणून एक दुसरीच्या घरांत बसत नाहीं. चुकीची पट्टी बसूंच नये अशी ही योजना आहे. कारण दोहोंस लागणारा विजेचा दाब निराळा, पहिलीस १.८ व्होल्ट आणि दुसरीस १.५. आम्ही जोर लावणार इतक्यांत नातीनें हात धरला. जोडावयाचें यंत्र उघडून आंतल्या पट्टीवरील चिठ्ठी आधीं वाचावी, आणि त्याच्या पुस्तिकेंत किती स्मृति चालते तें पाहावें, मग बाजारांत जावें, हा धडा आम्हीं तेथें शिकलों. त्या वर्षाच्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांसाठीं मागणी वाढून नव्या रॅमचे भाव चढले होते. आमची जात मात्र जुनी, ती जुन्या बाजारांतच स्वस्तांत मिळाली. चार-चार गिगाबाइटांच्या सारख्या दोन पट्ट्या घेतल्या.

आप्पांच्या वह्या आणि चित्रें यांची एक प्रत आधीं निराळ्या तबकडीवर काढून ठेवली. मग वायर काढून पेटी उघडली. तेरा उन्हाळ्यांची धूळ आंत होती. ती मऊ कुंचल्यानें झाडली. अंगांतील स्थिर वीज पट्टीस लागूं नये म्हणून पेटीच्या धातूस स्पर्श करून नातीनें पट्ट्या कडेनें धरल्या, खांच जुळविली आणि दोन्ही बाजूंस सारखा दाब दिला. टिक् टिक् असा आवाज होऊन कड्या बसल्या. यंत्र सुरू केलें तों आठांपैकीं साडेतीनच गिगाबाइट उपयोगांत! विंडोजची आमची आवृत्ति ३२-बिटी होती; तिला ४,२९,४९,६७,२९६ यापलीकडे घरांचे नंबर मोजतां येत नाहींत, आणि त्यांतलेहि कांहीं इतर भागांसाठीं राखलेले असतात. प्रोसेसर मात्र ६४-बिटी होता. विंडोज ११ च्या अटींत तो बसत नव्हता. म्हणून लिनक्सची एक विनामूल्य ६४-बिटी आवृत्ति तिनें त्यावर चढविली. तेव्हां सगळी जागा मोकळी झाली.

संध्याकाळीं आप्पांस बोलाविलें. त्यांनीं एक पान उघडलें, दुसरें उघडलें, असें करतां करतां सहा पानें शेजारीं शेजारीं मांडलीं. दिवा क्षणभर लुकलुके आणि विझे. खरें सांगावयाचें तर संगणक सुरू होण्यास पूर्वीइतकाच वेळ लागतो. रॅमनें तबकडी वेगानें फिरत नाहीं कीं मेंदू तरुण होत नाहीं. अडचण जागेची होती, तेवढी गेली.

बोलतां बोलतां नातीनें सांगितलें कीं, या स्मृतीचा स्वभावच मुळीं विसरण्याचा. १९६८ सालीं रॉबर्ट डेनर्ड यांस जिचें पेटंट मिळालें, त्या रीतीप्रमाणें तिचें प्रत्येक अक्षर विजेच्या एका थेंबांत असतें आणि तो थेंब सारखा गळतो. म्हणून सेकंदास पंधरा वेळां तरी तें वाचून पुन्हां लिहावें लागतें. आप्पा प्रथमच हांसले. "म्हणजे परवचाच कीं! रोज म्हटला नाहीं तर आम्ही तरी कोठें लक्षांत ठेवला असता?"

त्या रात्रीं आम्हीं आप्पांच्या मेजाकडे नीट पाहिलें. त्याचा तीन चतुर्थांश भाग मुलांच्या दप्तरांनीं, विजेच्या बिलांनीं आणि किराण्याच्या याद्यांनीं व्यापलेला होता. आणि हीं सर्व कामें 'आप्पा रिकामेच असतात' म्हणून आम्हींच त्यांच्याकडे सरकविलेलीं. त्यांच्या पंगतींत इतके पाहुणे बसवून पुन्हां 'होत नाहीं' म्हणणारे आम्हीच! दुसऱ्या दिवशीं बिलें व याद्या आम्हीं आपल्याकडे घेतल्या, दप्तरांस निराळी फळी ठोकली आणि मेज पुसून ठेवलें. आप्पा कांहीं बोलले नाहींत, फक्त म्हणाले, "म्हातारा जागा अडवीत होता खरा."

मान खालीं घालून आम्हीं म्हटलें, "नाहीं आप्पा, त्याची अडली होती."

घनसावंगीकडील शेतकऱ्यास आम्हीं स्वतः निरोप धाडला. तो आला, आप्पांनीं पुडकें सोडलें, आणि दोन सकाळी खपून कागद लावले. त्याला हवी होती ती नोंद त्यांत निघाली नाहीं. निघाला तो विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा एक जुना करार. परंतु त्यांत त्याच्या पणजीचें नांव होतें, जें त्याच्या घरांत कोणासहि ठाऊक नव्हतें. तेवढी ओळ त्यानें आप्पांकडून दोनदां वाचवून घेतली, वहींत उतरून नेली, आणि जातांना संगणकासहि हात जोडले.