कांड्या फुल, नेट गुल

“सर, कांड्या फुल आहेत, पण नेट चालंना गेलंय.” परभणीजवळच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात वायफायच्या कामाला गेलो, तेव्हा जो तो हेच सांगत होता. पालम, सोनपेठ, जिंतूरकडची ही पोरं. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर रात्री गेटबाहेर जाऊन मोबाइलच्या डेटावर भरायची. कॉलेजने खर्चात हात आखडला नव्हता. प्रत्येक मजल्यावर व्हरांड्याच्या छताला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचे डबे, होते, ऑफिसातल्या रॅकमध्ये कंट्रोलरही होता. आता आणखी डबे घ्यायचं चाललं होतं.

मी आधी कंट्रोलर उघडला. अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते. चालू झाला की तो आयपी पत्ता घेतो, कंट्रोलर शोधतो आणि कॅपवॅप नावाच्या प्रोटोकॉलने त्याच्याशी जोडला जातो. वायफायचं नाव काय दाखवायचं, पासवर्ड कसा तपासायचा, कुठल्या चॅनेलवर आणि किती ताकदीने बोलायचं, हे सगळं त्याला तिथून कळतं. घोळ या शेवटच्या दोन गोष्टींत होता.

2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच वापरात असतात: 1, 6 आणि 11. इथे बसवणाऱ्याने चॅनेल आपोआप ठरवायची सोय बंद करून सगळे डबे 6 वर आणि पूर्ण ताकदीवर ठेवले होते. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, हा वायफायचा नियम. म्हणजे सगळे मजले एकाच रांगेत.

स्क्रीनवर एक फोन दिसत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतला, पण जोडलेला तळमजल्यावरच्या मेसच्या डब्याला. डब्याला मिळणारा त्याचा सिग्नल वजा 82 डीबीएम, म्हणजे क्षीण, वेग 1 एमबीपीएस. पोरगा जेवून वर आला, फोनने मात्र मेस सोडली नव्हती. कुठल्या डब्याला चिकटायचं हे शेवटी फोन ठरवतो. कंट्रोलर फार तर सुचवू शकतो. आणि असा एक रेंगाळणारा फोन हवेतला वेळ खाऊन सगळ्यांना थांबवतो. शिवाय डब्याचा आवाज फोनपर्यंत पोचतो, पण फोनच्या छोट्या रेडिओचा डब्यापर्यंत नीट पोचत नाही. कांड्या फुल असून नेट नाही, ते यामुळे.

नवा एकही डबा घेतला नाही. शेजारच्या डब्यांना वेगवेगळे चॅनेल दिले. 2.4 ची ताकद 20 डीबीएमवरून 11 वर आणली, म्हणजे 100 मिलिवॅटवरून साधारण 13 वर. 1, 2, 5.5 आणि 11 एमबीपीएसचे जुने वेग बंद केले, त्यामुळे लांबचा फोन आपसूक सुटून जवळचा डबा धरू लागला. काही डबे व्हरांड्यातून काढून खोल्यांत लावले, म्हणजे मधल्या भिंतींमुळे ते एकमेकांना कमी ऐकतील आणि जवळच्या फोनला 5 गिगाहर्ट्झ नीट मिळेल. लाइट गेली की सगळे डबे बंद पडून परत सुरू व्हायला वेळ घेत, म्हणून स्विच आणि कंट्रोलर यूपीएसवर घेतले.

त्यानंतर अर्ज खोलीत बसूनच भरले जाऊ लागले.

कॉलेज, वसतिगृह, दवाखाना चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: कोटेशनमध्ये डबे किती हे विचारण्याआधी, प्रत्येक खोलीत मोबाइल घेऊन फिरून केलेला सर्व्हे मागा. तो न देणाऱ्याला काम देऊ नका.