आमिश आजीबाईंचे तळघर

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या लँकेस्टर परगण्यात आमिश लोकांच्या एका लहानशा वस्तीला भेट देण्याचा योग आला. घरात तारेची वीज नाही. दाराशी मोटारीऐवजी घोडागाडी. तळघरात मात्र काचेच्या बरण्यांच्या रांगा होत्या: मिठात आंबविलेला कोबी, मिश्र भाज्यांचे आंबटगोड लोणचे आणि ‘ॲपल बटर’. नावात लोणी असले तरी हा पदार्थ म्हणजे सफरचंदे तासन्‌तास आटवून केलेला, मोरांब्याच्या जातीचा गडद गोळा.

घरच्या आजीबाईंनी भाजण्यावरचे मधाचे मलम दाखविले. ते लावून वर बर्डॉक या रानवनस्पतीची वाफवलेली पाने बांधतात.

“जखम खोल असेल तर?” मी विचारले.

“तर शेजाऱ्यांची मोटार बोलावून इस्पितळ गाठायचे,” त्या सहजपणे म्हणाल्या.

याच परगण्यात स्ट्रासबर्ग येथे आनुवंशिक आजार असलेल्या मुलांसाठी 1989 मध्ये दवाखाना स्थापन झाला. आमिश कुटुंबे मुलांना तेथे नेतात आणि लिलाव भरवून त्याला निधीही मिळवून देतात.

त्यांच्या जेवणात बटाटे, लोणी, गोड पाय यांची रेलचेल असते. तरीही कॅनडातील आमिश शेतकऱ्यांच्या 2004 मधील पाहणीत स्थूलता फार थोड्यांत आढळली. तेथील पुरुष दिवसाला सरासरी 18 हजारांहून, तर स्त्रिया 14 हजारांहून अधिक पावले चालत होत्या.

लोणची-मोरांबे आपल्या घरीही आहेत. आजीबाईंकडून घ्यावेत ते अंगमेहनतीचे दिवस, आणि घरगुती उपायाची सीमा ओळखणारा विवेक.