शेवटचा बाक

दिल्लीतल्या पहिल्याच रविवारी मी काश्मिरी गेटच्या सेंट जेम्स चर्चमध्ये गेलो. दाराशी उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांनी ‘जय मसीह की’ म्हटले. माझ्या तोंडून नगरकडच्या सवयीने ‘सलाम’ निघून गेला. ते हसले. गीतांचे पुस्तक त्या दिवसाच्या पानावर उघडून त्यांनी माझ्या हाती दिले. नाव विचारले नाही. मी शेवटच्या बाकावर बसलो.

आमच्याकडे परक्याचे स्वागत मोठ्या अगत्याने होते. उपासनेनंतर चहा मिळतो, जेवणाचे आमंत्रणही. पण त्याआधी आडनाव विचारले जाते, आणि आडनावावरून पूर्वजांची वस्ती कळते: गावकुसाच्या आतली की बाहेरची. बाप्तिस्म्याचे पाणी तिथवर पोहोचलेले नाही. एकदा माझे आडनाव ऐकताच पुढे आलेला हात किंचित सैल पडला होता. तो सैलपणा माझ्या तळव्याला अजून आठवतो.

हे चर्च 1836 साली उपासनेसाठी खुले झाले. ते बांधणारा जेम्स स्किनर हा स्कॉटिश बापाचा आणि रजपूत आईचा मुलगा. आईमुळे कंपनीच्या फौजेत त्याला अधिकारपद मिळेना, म्हणून तो शिंद्यांच्या चाकरीत शिरला. 1803 साली इंग्रजांशी युद्ध पेटले तेव्हा बापाच्या रक्तामुळे तीही सुटली. वेदीपुढच्या फरशीत त्याची कबर आहे.

उपासना संपताच मी घाईने बाहेर पडलो. बसच्या रांगेत उभा असताना वाटले, कुणी आडनाव विचारले असते तरी चालले असते.