कुणाची गं तू?

लिफ्टमधली माणसं कधी नीट बघितलीयत? नाही ना? कारण तिथे कुणीच कुणाकडे बघत नाही. आठ जण खांद्याला खांदा लावून उभे आणि आठही जणांचे डोळे वरच्या लाल आकड्यांवर. जणू चौथ्यानंतर पाचवाच मजला येतो की नाही, याचीच सगळ्यांना शंका! अर्विंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९६३ साली या वागण्याला एक नाव दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘सभ्य दुर्लक्ष’. तू मला दिसलायस, पण मी तुझ्यात नाक खुपसणार नाही, असा हा न बोलता झालेला करार. शहरात जगायचं तर तो लागतोच. नाहीतर गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये वेड लागायची पाळी.

हा करार ज्यांनी कधी सहीच केला नाही अशी माणसं बघायची असतील, तर एखाद्या सोमवारी पेठ वडगावला जा.

पुणे-बेंगळुरू हायवेवर, कोल्हापूरच्या अलीकडे, वाठारला उतरायचं आणि आत वळायचं. तालुका हातकणंगले. पण गावाच्या नावातच पेठ आहे, त्यामुळे रुबाब बाजाराचा. सोमवारी आठवडी बाजार भरतो आणि आजूबाजूच्या गावांतून एसटी, टेम्पो, बाइक, जे मिळेल त्यानं माणसं येतात. मी भाजीच्या रांगेत शिरले आणि पाचव्या मिनिटाला पकडली गेले.

“कुठनं आलीस?” मेथीवर पाणी मारणाऱ्या एका आजींनी विचारलं.

“पुण्याहून.”

“ते झालं. पर कुणाची गं तू?”

आता याला काय उत्तर द्यायचं? पुण्यात नवा माणूस भेटला की आपण विचारतो, “काय करतेस?” कंपनीचं नाव सांगितलं की संपलं. कुणाची, हा प्रश्न मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. मी आईच्या माहेरचं गाव सांगितलं. आजींनी त्या गावातली दोन घरं मोजली, एक आमच्या लांबच्या नात्यातलं निघालं, आणि तिसऱ्या प्रश्नाला आम्ही थेट लग्नावर पोचलो. “न्हाई झालं? का गं?” यात टोमणा नव्हता. शुद्ध कुतूहल. शेजारच्या कांदेवाल्या काकूंनीही वजन करायचं थांबवून कान दिला.

तिथून सुटले ती जनावरांच्या बाजारात. माणूस नावाच्या प्राण्याचा अभ्यास करायचा असेल तर ही जागा फर्स्ट क्लास. खिलार बैल, लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी, शेळ्या-बकऱ्या, आणि त्यांच्याभोवती हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी. गिऱ्हाईक येतं, दात बघतं. दुधाचे दात असतील तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा. मग खूर, मग चाल, मग अंगावरचे भोवरे. हे सगळं ठीक. मला मजा वाटली ती माणसांच्या डोळ्यांची. ज्याला जे जनावर मनापासून आवडलंय, तो त्याच्याकडे सगळ्यात कमी बघतो! एक काका एका पांढऱ्याशुभ्र खोंडाशेजारी पंधरा मिनिटं उभे होते आणि सगळा वेळ पलीकडच्या म्हशीचे गुण विचारत होते. हेडीलाही कळत होतं. तोही म्हशीचेच गुण सांगत होता.

ओळखीचं वाटतंय का? कॅन्टीनमध्ये जिच्यासाठी तुम्ही मुद्दाम उशिरा जेवता, तिच्याच टेबलाकडे पाठ करून बसता ना? मेसेज आल्या आल्या वाचायचा आणि उत्तर तासाभरानं द्यायचं, हा फंडा कुणी शिकवला आपल्याला? हवंय हे आधी कळलं की भाव चढतो. एवढं गणित आपल्या अंगात उपजतच असावं.

या बाजारांनी त्यावर एक झकास तोडगा काढलाय. रुमालाखालचा सौदा. दोघांचे हात कापडाखाली जातात आणि बोटं दाबून आकडा ठरतो. चेहरा कोरा, तोंडानं भलतीच बडबड, खरं बोलणं बोटांचं. आता मोबाइलवर आकडा टाइप करून पुढे धरणारेही असतात, पण तत्त्व तेच. नकार दिला तरी चारचौघांत कुणाचा पचका होत नाही. आणि एकदा इसार दिला की माघार नाही. कारण? पुढचा सोमवार! हीच माणसं, हीच जागा. तोंड कुठे लपवणार? रॉबर्ट ॲक्सेलरॉड नावाच्या अमेरिकन अभ्यासकाचं १९८४ सालचं पुस्तक नेमकं यावर आहे. पुन्हा भेट होणार याची खात्री असली की स्वार्थी माणसंसुद्धा एकमेकांशी नीट वागू लागतात. डेटिंग ॲपवर तीन आठवडे गुड मॉर्निंग म्हणणारा मुलगा एका रात्रीत गायब होतो, तो काही जन्मजात वाईट नसतो. त्याला पुढचा सोमवारच नसतो.

जनावरांचा विषय निघालाच आहे तर सांगते. सेनापती धनाजी जाधवांची समाधी याच गावात आहे. १७०८ साली ते वारले. मुघलांची घोडी पाणी प्यायला बिचकायची, पाण्यात त्यांना संताजी-धनाजी दिसायचे, ही दंतकथा आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीय. घोड्यांनी माणसं वाचली, ती अशी!

पण वाचणाऱ्या नजरा फक्त हेडींच्या नसतात, आणि इथे माझं कौतुक जरा थबकतं. स्टँडवर उभं राहिलं की ते कळतं. मानसशास्त्रज्ञ सांगतात की एखादा चेहरा वारंवार दिसला तर तो आवडू लागतो. रॉबर्ट झायन्सनं १९६८ मध्ये हे प्रयोगांतून मांडलं. रोजची तीच एसटी, तेच चेहरे, म्हणजे आकर्षणाची प्रयोगशाळाच की! फक्त त्याच एसटीत काकू असतात, चुलत्याचा मित्र असतो, आणि पोरगी घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. मला आस्थेनं ‘कुणाची गं तू’ विचारणारा प्रश्न तिच्यासाठी पहारा असतो. मी संध्याकाळी निघून जाणार होते. तिला पुढचा सोमवार आहे, त्याच्या पुढचाही.

कुणाकडे बघायचं, हेही इथे आधीच ठरलेलं असायचं. इरावती कर्व्यांनी १९५३ सालच्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात नोंदवलंय, की महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची मात्र नाही. सून सासूला ‘आत्या’ आणि सासऱ्याला ‘मामा’ का म्हणते, ते इथे उलगडतं. सुट्टीत भेटणारी, एका घरात न वाढलेली, पण परकीही नसलेली मुलगी. आकर्षणाला कुंपण घालायची काय हुशार जागा शोधलीय! त्या कुंपणाबाहेर, दुसऱ्या जातीत मन गेलं तर? याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नाला कायद्याची मान्यता दिली, त्याला शंभर वर्षं उलटली. कायद्याचं काम झालंय. काकूंचं अजून सुरू आहे. मग अशा जोडप्यांना आपलं शहर बरं वाटतं, जिथे लिफ्टमध्ये कुणी बघत नाही. त्यांच्यासाठी ते सभ्य दुर्लक्ष म्हणजे छप्पर आहे. एकटेपणा वगैरे आपल्या तक्रारी. त्यांनी तो पैसे मोजून घेतलेला असतो.

परतीच्या एसटीत माझ्या पुढे एक मुलगी बसली होती आणि चार सीट सोडून मागे एक मुलगा. एकदाही एकमेकांकडे बघितलं नाही. इतकं ठरवून की मला तो पांढरा खोंडच आठवला. कंडक्टर आला. तिनं महिलांचं अर्धं तिकीट काढलं, वाठारचं. त्यानं पूर्ण, तेही वाठारचंच. उतरल्यावर ती डावीकडे गेली, तो उजवीकडे. हायवेच्या पलीकडे, उसाच्या ट्रॉलीच्या आडोशाला, दोघं पुन्हा एका बाइकपाशी दिसले. गाडी हलली तशी बसमधली सात-आठ डोकी एकदम तिकडे वळली. त्यात माझंही होतं.